दुहेरी वापराच्या मोटारसायकलींचे सस्पेन्शन : एक आढावा

सडकेवर चालावी आणि सडक संपल्यावर पुढे लागणाऱ्या दगडमातीच्या वाटेवरही अडू नये, अशा अपेक्षेने जी मोटारसायकल घडवली जाते तिच्यावर उपजतच दोन परस्परविरोधी मागण्यांचे ओझे असते, आणि त्या ओझ्याचा सर्वांत मोठा वाटा तिच्या सस्पेन्शनला वाहावा लागतो. डांबरी वळणावर भरवेगात गाडी डोलू नये, ब्रेक दाबताच तिने पुढे नाक खुपसू नये, सामान लादून दोघे बसले तरी तिची मागची बाजू खचू नये, ही झाली सडकेची मागणी. उलट, सुट्या दगडांवरून जाताना प्रत्येक दगडाची वार्ता हातापायांपर्यंत पोचू नये, चाकाने जमीन सोडू नये आणि एखाद्या चरात अकस्मात उतरावे लागले तरी फोर्कने तळ गाठून मनगटे हादरवू नयेत, ही वाटेची मागणी. पहिलीला ताठरपणा मानवतो, दुसरीला लवचिकपणा. आणि कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी कोणत्या वजनाच्या माणसाच्या हाती जाईल, तो तिच्यावर किती सामान बांधील आणि तिला कोठे घेऊन जाईल, याची निर्मात्याला कल्पना नसल्यामुळे तो एका काल्पनिक, मध्यम वजनाच्या स्वाराच्या हिशेबाने मधला मार्ग पत्करतो. हा मधला मार्ग आपल्या देहयष्टीला आणि आपल्या वाटांना कसा जुळवून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याबाबतचे माझे मत आरंभीच नमूद करतो. खडतर वाटेवरचे स्वास्थ्य मुख्यतः मोजमापाने लाभते, खर्चाने त्या मानाने थोडे. आपल्याकडील बहुतेक स्वार मात्र खर्चापासून प्रारंभ करतात आणि मोजमापापर्यंत पोचतच नाहीत.

हा प्रश्न आपल्या देशात सामान्य स्वारापुढे उभा राहिला तो गेल्या दीड दशकात. हीरोची इम्पल्स 2011 मध्ये आली आणि काळाच्या थोडी आधीच आली असे म्हणावे लागेल, कारण तिचे गुण ओळखणारा ग्राहकवर्ग तेव्हा अगदीच विरळ होता. 2016 मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, आणि पुढच्या चाकाला 200 व मागच्या चाकाला 180 मिलिमीटर वरखाली हलण्याची मोकळीक, जिला या व्यवसायात ट्रॅव्हल म्हणतात, ती मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली. 2019 मध्ये हीरोच्या एक्सपल्सने 190 आणि 170 मिलिमीटरची मोकळीक बऱ्याच कमी वजनात व कमी किमतीत देऊ केली. 2020 मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची 390 अॅडव्हेंचर बाहेर पडली. आणि 2023 अखेर नव्या हिमालयनने दोन्ही चाकांना 200 मिलिमीटर दिले. परिणाम असा झाला, की ग्राम्फू-बातल-कुंझुम या स्पीतीच्या वाटेवर पूर्वी क्वचित दिसणारे मराठी क्रमांकपट्टीचे स्वार आता प्रत्येक उन्हाळ्यात दिसतात, आणि ज्यांना तेवढी सवड नाही ते मावळातल्या दगडी गाडीवाटा व कोकणातले जांभ्याचे सडे पालथे घालतात. या सर्वांच्या तोंडी एकच तक्रार असते : गाडी दणके देते. आणि तिच्यावरचा एकच उपाय सर्वत्र सांगितला जातो : शॉकअप बदला.

या तक्रारीचा निवाडा करण्यापूर्वी थोडे मागे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण आज आपण जे सहज गृहीत धरतो ते मिळवायला अर्धे शतक लागले आहे. पुढच्या चाकासाठी तेलाच्या अवरोधाने नियंत्रित होणारा दुर्बिणी-फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आपल्या गाड्यांना बसवला. पण मागचे चाक त्यानंतरही कित्येक वर्षे बहुतेक गाड्यांत सांगाड्याला ताठ जखडलेलेच राहिले आणि सगळे धक्के स्वाराच्या आसनाखालच्या दोन स्प्रिंगांवर सोपवलेले असत. 1948 मध्ये रॉयल एनफील्डने हलत्या स्विंग-आर्मच्या मागच्या सस्पेन्शनसह बुलेटचे नमुने चाचणी-स्पर्धांत उतरवले, तेव्हा जाणत्या मंडळींनाही खडकाळ चढावर अशा मागच्या चाकाची पकड टिकेल याची खात्री नव्हती. त्याच वर्षी इटलीतील सान रेमोच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय स्पर्धेत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघातील दोघे स्वार बुलेटवर होते, आणि त्यांनी सुवर्णपदके मिळवली. पुढे मद्रासेत तयार होऊन आपल्या सैन्याच्या आणि पोलिसांच्या सेवेत रुजू झालेली बुलेट ती हीच. सडक व रानवाट या दोहोंसाठी म्हणून आखलेली गाडी सामान्य ग्राहकाला स्वस्तात मिळू लागली ती मात्र 1968 मध्ये, यामाहाच्या डीटी-1 ने. त्यानंतर बेल्जियमचे अभियंते ल्युसियाँ टिल्केन्स यांनी मागच्या दोन शॉकअपांऐवजी एकच लांब शॉकअप योजण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली, यामाहाने तिचे हक्क घेतले, आणि 1973 मध्ये हाकान अँडरसन याने तशा गाडीवर 250 सीसी वर्गातील मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. 1980 च्या आसपास कावासाकी, होंडा आणि सुझुकी या तिघांनी शॉकअप व स्विंग-आर्म यांच्यामध्ये जोडदांड्यांची रचना, म्हणजे लिंकेज, आणली, जिच्यामुळे चाक जसजसे वर जाते तसतसा अवरोध वाढत जातो. आजच्या हिमालयनच्या आसनाखाली वाकून पाहिल्यास हीच रचना दिसते. म्हणजे मूळ तत्त्वे जुनी आणि पक्की आहेत; उणीव असलीच तर ती त्यांच्या जुळणीत आहे.

सुख म्हणजे मऊपणा, ही समजूत सर्वांत आधी सोडावी लागते. मऊ स्प्रिंगवर बसलेली गाडी स्वाराच्या वजनानेच आपल्या मोकळिकीचा निम्मा भाग खर्च करून बसते, आणि पुढे दगड आला की उरलेल्या निम्म्यात त्याला सामावून घेण्याचा प्रसंग येतो. तेवढे पुरत नाही, फोर्क तळाला आदळतो, आणि स्वार म्हणतो की सस्पेन्शन कडक आहे. तो मग ते आणखी मऊ करू पाहतो आणि दणके वाढतात. याउलट, फार ताठ स्प्रिंग हलक्या स्वाराला मोकळिकीच्या वरच्या टोकालाच अडकवून ठेवते. खळगा आला की चाकाने खाली उतरावे, पण उतरायला जागाच नसते, आणि गाडी खळग्याच्या कडेवर आपटते. दोन्ही रोगांत रुग्णाची तक्रार एकच असते आणि औषधे मात्र विरुद्ध असतात. म्हणूनच नुसत्या अंगाला काय वाटते त्यावरून निदान करू नये, मोजावे.

मोजायचे ते सॅग, म्हणजे वजनाखाली गाडी किती खचते ते. त्याला मोजपट्टी, एक मदतनीस आणि चहाला लागेल तेवढा अवधी पुरतो. गाडी मधल्या स्टँडवर चढवावी आणि मागचे चाक अधांतरी लोंबकळू द्यावे. मधला स्टँड नसेल तर इंजिनाखाली भक्कम खोके द्यावे. चाकाच्या आसापासून सरळ वर, शेपटीच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलीने केलेल्या खुणेपर्यंत अंतर घ्यावे. समजा ते 610 मिलिमीटर भरले. मग गाडी जमिनीवर नुसती उभी धरावी. अंतर 588 झाले तर गाडी स्वतःच्या वजनाने 22 मिलिमीटर खचली. आता स्वाराने हेल्मेट, बूट, पाण्याची पाठपिशवी असा सगळा सरंजाम अंगावर चढवून, पाय पेगवर ठेवून नेहमीच्या बैठकीत बसावे, मदतनिसाने पुढून हँडल धरावे, आणि तिसरे माप घ्यावे. ते 548 आले तर स्वारासह सॅग 62 मिलिमीटर. 180 मिलिमीटर मोकळिकीच्या गाडीला हे माप योग्य आहे, कारण खडतर वाटेसाठी एकूण मोकळिकीचा सुमारे तिसरा हिस्सा स्वाराच्या वजनाने खर्ची पडावा असा सर्वमान्य संकेत आहे. प्रत्येक माप दोनदा घ्यावे, एकदा गाडी खाली दाबून अलगद वर येऊ दिल्यावर आणि एकदा वर उचलून अलगद खाली बसू दिल्यावर, कारण सील व बुशांच्या घर्षणामुळे ती प्रत्येक वेळी थोडी निराळ्या जागी थांबते. दोहोंचा मध्य तो खरा आकडा. त्या दोहोंत फारच अंतर पडत असेल तर तेही निदानच आहे : कोठेतरी काहीतरी अडकते आहे.

सॅग जास्त भरले की प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडे दाबून ठेवणारी, कडी फिरवून ते कमी करता येते, आणि येथेच दुसरा, अधिक रुजलेला गैरसमज आड येतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग ताठ होते असे अनेक अनुभवी मेकॅनिकही मानतात. वस्तुतः स्प्रिंगचा ताठरपणा, म्हणजे तिला एक मिलिमीटर दाबायला लागणारे बळ, हा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो, आणि कडी कितीही फिरवली तरी त्यात तसूभर फरक पडत नाही. बदलते ती गाडीची उभी राहण्याची उंची. सबब, स्प्रिंग स्वाराला योग्य आहे की नाही हे दोन्ही सॅग एकत्र पाहिल्यावरच कळते. प्रीलोड वाढवत वाढवत स्वारासह सॅग 60 मिलिमीटरवर आणले, पण मग नुसत्या गाडीचे सॅग जेमतेम पाचसहा मिलिमीटर उरले, तर ती स्प्रिंग त्या स्वाराला मऊ आहे आणि प्रीलोडने तिला ओढूनताणून उभे केले आहे. अशी गाडी लहान खड्ड्यांवर कठीण वाटते आणि मोठ्या खड्ड्यात तरीही तळ गाठते. उलट, स्वारासह सॅग योग्य असून नुसत्या गाडीचे 40 मिलिमीटर भरत असेल तर स्प्रिंग त्याला ताठ आहे. दोन मापांच्या या जोडीतून जे कळते ते महागडा शॉकअप विकत घेऊनही कळत नाही, आणि या विषयात मला काही एकच गोष्ट कोणाला शिकवायची मुभा असती तर मी हीच शिकवली असती.

स्प्रिंग बदलण्याची वेळ आलीच, तर एकसम ताठरपणाची घ्यावी की वेढ्यांतील अंतर कमीजास्त ठेवून क्रमशः ताठ होत जाणारी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. क्रमशः ताठ होणारी स्प्रिंग लहान खड्ड्यांना मऊ आणि मोठ्यांना कठीण असते, आणि एकटा स्वार व सामानासह दोघे अशा दोन्ही प्रसंगी गाडी चालवायची असेल तर तिची सोय होते. परंतु तेलाचा अवरोध हा एका वेळी एकाच ताठरपणाला नेमका जुळवता येतो, त्यामुळे अशा स्प्रिंगशी त्याचा मेळ आरंभी जास्त आणि अखेरीस कमी पडतो. फोर्कच्या बाबतीत माझा कौल एकसम स्प्रिंगला आहे, कारण तेथे अखेरच्या टप्प्यातला चढता अवरोध तेलावरच्या हवेकडून आपोआप मिळतो. मागच्या बाजूला, लिंकेज नसलेल्या गाडीत, क्रमशः ताठ होणारी स्प्रिंग समर्थनीय ठरते.

स्प्रिंग दाबली गेली म्हणजे ती ऊर्जा साठवते, आणि साठवलेले परत करणे हा तिचा धर्मच असल्यामुळे तिला आवर घालणारे कोणी नसेल तर गाडी एका खड्ड्यासाठी पाच वेळा उसळेल. तो आवर तेलाचा. यालाच डॅम्पिंग म्हणतात. स्प्रिंग दबताना लागतो तो कम्प्रेशनचा अवरोध आणि ती उलगडताना लागतो तो रिबाउंडचा. स्वस्त गाड्यांच्या साध्या फोर्कमध्ये हे काम डॅम्पर-रॉड नावाच्या पोकळ दांड्यातील ठराविक भोकांकडे असते, आणि त्या भोकांचा एक मूलभूत दोष आहे. त्यांतून तेल सावकाश जात असता ती जवळजवळ काहीच अडवत नाहीत, पण तेलाचा वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो. ब्रेक लावताना फोर्क हळू दबतो, तेव्हा तेथे अवरोध हवा असतो आणि तो मिळत नाही, म्हणून गाडी नाक खुपसते. धारदार दगडावर फोर्क एकाएकी दबतो, तेव्हा अवरोध नको असतो आणि तो अतोनात मिळतो, म्हणून दणका थेट मनगटात येतो. येथे निर्णायक असतो तो फोर्कच्या दबण्याचा वेग; गाडी किती वेगाने चालली आहे याला गौण महत्त्व. पायी चालण्याच्या वेगाने दगड ओलांडणारा फोर्कही क्षणभर फार जलद हलतो.

या दोषावर अमेरिकेतील रेस टेक या संस्थेच्या पॉल थीड यांनी जो तोडगा लोकमान्य केला तो आजही सर्वांत किफायतशीर आहे. डॅम्पर-रॉडच्या डोक्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली एक छोटी झडप बसवायची आणि रॉडची कम्प्रेशनची भोके छिद्रणीने एवढी रुंद करायची की त्यांचा अंमल संपून झडपेचा सुरू व्हावा. हळू दबताना झडप मिटलेली राहते आणि फोर्क सावरून धरते. झटका आला की ती उघडते आणि तेलाला वाट देते. रिबाउंड मात्र तेलाच्या दाटपणावरच अवलंबून राहतो. याहून वरच्या प्रतीचे फोर्क कार्ट्रिजचे असतात, ज्यांत पातळ पोलादी चकत्यांची चळत तेलाच्या दाबाने वाकून वाट करून देते. त्या चकत्यांची जाडी व क्रम बदलून कुशल कारागीर अवरोधाची हवी ती रेषा आखू शकतो. चांगल्या गाड्यांत यासाठी बाहेरून फिरवण्याचे स्क्रूही असतात, आणि नसतील तर निर्मात्याने ठरवलेले तेच ग्राहकाने स्वीकारायचे. आपल्याकडे आलेली पहिली 390 अॅडव्हेंचर अशीच स्क्रूविरहित होती, 2023 मध्ये तिला ही सोय लाभली. 43 मिलिमीटरचा शोवाचा उलटा फोर्क मिरवणाऱ्या नव्या हिमालयनमध्येही स्वाराला तो जुळवण्याची तजवीज ठेवलेली नाही.

स्क्रू असतील तर मन आवरून वापरावेत. मूळ क्लिक-संख्या वहीत टिपून ठेवावी, एका वेळी एकच स्क्रू दोन क्लिक फिरवावा, आणि तोच शेदोनशे मीटरचा खराब तुकडा पुन्हा त्याच वेगाने चालवून पाहावा. रिबाउंडबद्दल विशेष जागरूक असावे, कारण त्यातला दोष वेष पालटून येतो. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांनी भरलेल्या कच्च्या रस्त्यावर खड्ड्यामागून खड्डा येत असता रिबाउंड मंद असेल तर चाक पुरते खाली येण्यापूर्वीच पुढची लाट त्याला वर ढकलते, सस्पेन्शन प्रत्येक लाटेगणिक थोडे अधिक दबलेल्या स्थितीत राहते, आणि शंभर पावलांत सगळी मोकळीक संपून ते दगडासारखे होते. स्वाराला वाटते की कम्प्रेशन कठीण आहे. इलाज असतो रिबाउंड सैल करण्याचा. रिबाउंड अति सैल झाला तर मागचे चाक उसळून आसन पाठीला धक्का देते, हे ओळखायला सोपे आहे.

तेल हा डॅम्पिंगचा प्राण असूनही त्याची जितकी उपेक्षा होते तितकी गाडीतील अन्य कोणत्याही द्रवाची होत नसेल. इंजिनाचे तेल दर सर्व्हिसिंगला बदलणारे गृहस्थ फोर्कचे तेल गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेल्या फोर्कची टोपी उघडून तो पातेल्यात उपडा करावा आणि काय बाहेर पडते ते पाहावे : एके काळी लालसर पारदर्शक असलेले तेल राखाडी, गढूळ होऊन येते, त्याला कुबट दर्प असतो, आणि पातेले उन्हात कलते केले की तळाशी झिजलेल्या बुशांची व नळीची चांदीसारखी बारीक चमक हिंडताना दिसते. अशा तेलाकडून अवरोधाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. नवे तेल भरताना डब्यावरच्या ‘10 डब्ल्यू’ या आकड्यावर विसंबू नये, कारण दोन कंपन्यांच्या एकाच आकड्याच्या तेलांचा दाटपणा प्रत्यक्षात भिन्न असतो. 40 अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये दिलेला आकडा पाहावा. आणि तेल किती भरले याहून ते कोठवर आले याला महत्त्व आहे : स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या काठापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर दोन्ही नळ्यांत सारखे हवे. त्या रिकाम्या जागेतली हवा फोर्क दबताना स्वतःच स्प्रिंग बनते. अंतर दहा मिलिमीटरने कमी केले तर आरंभीचा मऊपणा फारसा न बिघडता अखेरच्या टप्प्यात तळ गाठणे लक्षणीय कमी होते. फुकटात मिळणारी अशी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

मागच्या शॉकअपमध्ये तेल थोडे आणि काम फार असल्यामुळे ते तापते, तापले की पातळ होते, आणि लांब खराब पट्ट्याच्या अखेरीस सकाळची सावरलेली गाडी दुपारी डोलू लागते. तेलात फेस होऊ नये म्हणून चांगल्या शॉकअपांत सरकत्या दट्ट्यामागे दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तो निसटला की बाहेरून काहीही न दिसता डॅम्पिंग नाहीसे होते. स्वस्त शॉकअप उघडून दुरुस्त करण्याजोगे नसतात, आणि या एका कारणासाठी मी मागचा शॉकअप बदलण्यास अनुकूल आहे : जो खोलता येतो, ज्याचे तेल व सील बदलता येतात आणि ज्याची स्प्रिंग वजनानुसार निवडून मिळते, तो वायएसएसचा असो वा ओहलिन्सचा, पुढची कित्येक वर्षे सेवा देतो. पण त्याआधी लिंकेजची बेअरिंगे उघडून पाहावीत. कोकणातला एक पावसाळा आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला मारलेला पाण्याचा जोराचा फवारा एवढ्याने त्यांतले ग्रीस धुऊन जाते, सुयांसारख्या बारीक रोलरांना गंज चढतो, आणि मग हजारो रुपयांचा शॉकअपही त्या गंजाशीच झगडत बसतो. दिवाळीच्या सुमारास वर्षातून एकदा ही बेअरिंगे स्वच्छ करून ग्रीस भरण्याचा परिपाठ ठेवावा.

सस्पेन्शनच्या नावावर खपणारे पुष्कळ दोष सस्पेन्शनचे नसतातच. पहिला, टायरमधली हवा. सडकेच्या दाबाने फुगवलेले टायर दगडांवर चेंडूसारखे उसळते. दाब वीस-बावीस पौंडांच्या घरात आणला की लहान दगड टायरच गिळते. ट्यूबच्या टायरात याहून खाली जाताना रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेचली जाण्याची जोखीम असते, आणि पुन्हा डांबरावर आल्यावर हवा भरण्यासाठी पंप जवळ हवाच. दुसरा दोष पंक्चर काढल्यानंतर जन्मतो. पुढचा आस बसवून सगळे बोल्ट एकदम आवळले तर फोर्कच्या दोन नळ्या किंचित तिरप्या जखडल्या जातात आणि प्रत्येक हालचालीत घासतात; आस आवळून, आस पकडणारे बोल्ट सैल ठेवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चारसहा वेळा जोराने दाबावा म्हणजे नळ्या आपली जागा घेतात, मग ते बोल्ट आवळावेत. फोर्कच्या सीलमधून तेल झिरपू लागले तर ते बहुधा सीलखाली अडकलेल्या मातीच्या कणामुळे असते, आणि जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची पट्टी सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवली की पुष्कळदा कण निघून गळती थांबते. नवे सील त्यानंतरही गळतच राहिल्यास घालावे. तिसरी गोष्ट स्वाराची स्वतःची. खराब तुकड्यावर उभे राहून, गुडघे किंचित वाकवून चालवणाऱ्याचे पाय हे कोणत्याही शॉकअपहून अधिक मोकळिकीचे असतात, आणि हँडलची उंची त्या बैठकीस अनुकूल नसेल तर आधी ती सुधारावी.

आता मोठ्या बदलांविषयी. एक्सपल्सच्या रॅली आवृत्तीने 2022 मध्ये पुढे 250 व मागे 220 मिलिमीटरची मोकळीक आणि जुळवता येणारा फोर्क दिला, आणि कोणत्याही भारतीय कंपनीने सामान्य ग्राहकासाठी केलेले हे धाडस खरोखर प्रशंसनीय आहे. परंतु आसनाची उंची सुमारे 825 वरून 885 मिलिमीटरवर गेली, आणि आपल्याकडील साधारण उंचीच्या स्वाराला सुट्या दगडांच्या चढावर थांबून पाय टेकायचा झाला तर ते 60 मिलिमीटर फार मोठे असतात. मोकळिकीचा लाभ वेगात होतो. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने वाट काढणाऱ्याला पाय टेकण्याचा आत्मविश्वास अधिक सुख देतो. याच्या उलट टोकाला उंची कमी करण्यासाठी लांबी बदललेली लिंकेजची जोडपट्टी विकली जाते. तिने गाडी खाली येते, पण शॉकअप आणि चाक यांच्यातील प्रमाण बिघडते, जमिनीपासूनची उंची घटते, आणि पूर्ण दबल्यावर मागचे टायर मडगार्डला घासण्याचा संभव राहतो. उंचीची अडचण असणाऱ्याने आसनाचा फोम कापून घेणे हे कमी अपायाचे. शर्यतवाल्यांचे अनुकरण तर सर्वस्वी टाळावे. 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांच्यासारखे स्वार ज्या वेगाने वाळू आणि दगड ओलांडतात त्या वेगासाठी जुळवलेले सस्पेन्शन आपल्या वेगाला लाकडासारखे कठीण वाटेल, आणि तो त्या सस्पेन्शनचा दोष नव्हे.

खर्चाचा क्रम विचाराल तर मी असा लावीन : प्रथम टायरची हवा, बेअरिंगे आणि फोर्कचे तेल, मग सॅग, मग वजनाला योग्य अशा पुढच्या-मागच्या स्प्रिंगा, मग साध्या फोर्कमध्ये झडप, आणि सर्वांत शेवटी, तरीही उणीव भासल्यास, नवा शॉकअप. पंचावन्न किलोच्या विद्यार्थ्याला आणि सामानासह शंभर किलो भरणाऱ्या गृहस्थाला एकच महाग शॉकअप एकाच स्प्रिंगसह विकणारा दुकानदार दोघांपैकी निदान एकाला फसवत असतो.

पण या क्रमातली तिसरी पायरी ग्राहकाच्या हाती नाही, ती निर्मात्याच्या हाती आहे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत स्प्रिंगचा ताठरपणा नमूद केलेला नसतो, आणि सॅग कसे मोजावे याविषयी एक ओळही क्वचित आढळते. हे ज्ञान दुर्लभ आहे असे नाही : केटीएम आपल्या एन्ड्युरो गाड्यांच्या पुस्तिकेत 65 ते 75, 75 ते 85 आणि 85 ते 95 किलो वजनाच्या स्वारांसाठी कोणती स्प्रिंग घालावी याचे कोष्टकच छापते. चाकण आणि वाळूज येथे फोर्क व शॉकअप बनवणारे मोठे कारखाने उभे आहेत, स्प्रिंग वळवण्याची विद्या आपल्याला परकी नाही, आणि तिची किंमत नव्या शॉकअपच्या मानाने नगण्य आहे. रॉयल एनफील्ड, हीरो आणि बजाज यांनी आपल्या दुहेरी वापराच्या प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असे कोष्टक द्यावे आणि त्यातील तिन्ही स्प्रिंगा सुट्या भागांच्या खिडकीवर क्रमांकासह उपलब्ध ठेवाव्यात. आणि तसे होईपर्यंत, गाडी घेताना वाचकांनी विक्रेत्याला हा आकडा लेखी मागावा.